डॉक्टर इख्लास

इख्लासला येत होतं ते सगळं आजारी माणसांचं मराठी होतं. भाजी घ्यायला, रिक्षा ठरवायला, कुणाशी भांडायला त्या मराठीचा उपयोग नव्हता. पण खोकला कोरडा आहे की बेडका पडतो, बेडका पांढरा की पिवळा, दुखणं चमक मारल्यासारखं की जळजळल्यासारखं, जेवण जातंय का, संडासला साफ होतंय का, हे सगळं ती अशा सफाईने विचारायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई कराडकडच्या कुठल्या तरी सरकारी दवाखान्यातच लहानाच्या मोठ्या झाल्या असाव्यात. खरं तर तिचा जन्म शारजातला. वडील सुदानचे, शारजातल्या एका शाळेत अरबी शिकवायचे. मुलीला डॉक्टर करायचं म्हणून त्यांनी तिला पुण्याला पाठवलं, आणि तिथल्या वॉर्डांत साडेपाच वर्षं पेशंटना प्रश्न विचारून विचारून तिने ही भाषा उचलली. अर्धी पेशंटकडून, अर्धी वॉर्डातल्या मावश्यांकडून. मी तिला "कशा आहात डॉक्टर?" असं विचारलं की ती गंभीर चेहऱ्याने सांगायची, "त्रास काही नाही, ताई. भूक लागते. झोप लागते."

मी दुबईतल्या एका हॉस्पिटलात मेडिसिनच्या वॉर्डची क्लार्क आहे. वॉर्डात शिरताना डाव्या हाताला जे टेबल लागतं ते माझं. कोण आलं, कोण गेलं, कुणाची कुठली तपासणी राहिली, हे सगळं माझ्याकडून पुढे सरकतं. लोक डॉक्टरांसमोर बोलत नाहीत ते माझ्यासमोर बोलतात, कारण क्लार्कला कान असतात हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. इख्लास आमच्याकडे रेसिडेन्सीला आली. रेसिडेन्सी म्हणजे डॉक्टर झाल्यावर एखाद्या विषयात तज्ज्ञ व्हायला मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काढायची चार वर्षांची उमेदवारी. इथे त्या जागा मोजक्या आणि मागणारे जगभरातले. ज्याला मिळते त्याच्या घरी पेढे वाटतात.

ती आली त्या दिवशीची गोष्ट सांगायला मला आजही जड जातं. सकाळची वेळ होती आणि मी सांगलीच्या बहिणीशी फोनवर बोलत होते. समोर नवी डॉक्टर उभी राहून वॉर्डच्या पाट्या वाचत होती. सहा फुटाला थोडी कमी असेल, हाडापेराने मजबूत, डोक्याला पांढरा स्कार्फ. मी बहिणीला म्हटलं, "आमच्याकडे नवीन डॉक्टरीण आलीय. अगं, काळी म्हणजे किती काळी असावी. अंधारात नुसते दात दिसतील." आणि हसले. ती वळून गेली.

तीन दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं इंग्रजीत बोलली. चौथ्या दिवशी मी फाइली घेऊन कपाटापर्यंत गेले आणि परत येऊन खुर्चीत बसताना माझा हात गुडघ्यावर गेला. ती टेबलापाशी आली, खाली वाकली आणि म्हणाली, "ताई, गुडघ्याला सूज कधीपासनं आहे? जिना चढताना दुखतंय की उतरताना?"

म्हणजे त्या दिवशीचा फोन तिला शब्द न् शब्द कळला होता. मी तोंडातल्या तोंडात "उतरताना" म्हणाले. तिने गुडघा हाताने चाचपला, कुठले व्यायाम करायचे ते दाखवलं आणि निघून गेली. त्या फोनबद्दल ती तेव्हाही बोलली नाही आणि नंतरही कधी नाही. मीच दोन आठवड्यांनी चुकले म्हणून सांगायला गेले, तर तिने मधेच थांबवून विचारलं, "व्यायाम करताय का?"

तिच्या नावावरून आमच्या वॉर्डात खूप गंमत व्हायची. आखातात कुठलंही काम संपलं की सगळे 'खलास' म्हणतात, आणि मराठीत खलास म्हणजे काय ते सांगायला नको. पुण्यात एका पेशंटने तिचं नाव विचारलं, तिने इख्लास म्हणून सांगितलं, तर तो उठून बसला आणि म्हणाला, "डॉक्टरचंच नाव खलास, तर आमचं काय व्हायचं?" हे ती स्वतःच सांगायची, त्या माणसाच्या आवाजाची नक्कल करून. नावाचा खरा अर्थ मी तिला विचारला होता. ती थोडा वेळ मराठी शब्द शोधत राहिली. मग म्हणाली, "मनात एक, तोंडात एक, असं नसतं ना ताई, ते."

तिच्या काही सवयी मला सुरुवातीला विचित्र वाटायच्या. बाकीचे रेसिडेंट हिरव्या-निळ्या पायजम्यात, वर एखादा स्वेटर अडकवून वॉर्डात फिरायचे. इख्लास रोज कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालून यायची, सगळी बटणं लावून. स्टेथोस्कोप कँटीनमध्येसुद्धा गळ्यात. ओळखपत्राखाली तिने स्वतः एक पिवळी पट्टी लावून घेतली होती आणि तिच्यावर इंग्रजी, अरबी आणि हिंदीत 'डॉक्टर' असं लिहिलं होतं. मी एकदा म्हटलं, एवढ्या उकाड्यात कोट कशाला, गाडीपासून दारापर्यंत येतानासुद्धा अंगात असतो तुमच्या. ती म्हणाली, बाकीच्यांनी कोट काढला तर ते दमलेले डॉक्टर दिसतात. मी काढला तर मी डॉक्टरच दिसत नाही.

ही अतिशयोक्ती नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत एका पेशंटच्या मुलीने तिच्या हातात जेवणाचा खरकटा ट्रे दिला आणि बाथरूममध्ये साबण नाही म्हणून सांगितलं. इख्लासने ट्रे बाहेर ठेवला, हात धुतले, साबणाचं माझ्याकडे सांगितलं, परत आत गेली, खुर्ची ओढून पेशंटच्या डोळ्यांच्या पातळीला बसली आणि म्हणाली, "मी तुमची डॉक्टर. आता सांगा." त्या मुलीचा चेहरा उतरला. नर्स लिजी आमच्याकडची सगळ्यात जुनी, कोट्टयमची. तिला राग आला. ती इख्लासला म्हणाली की त्या ट्रेवरून त्या मुलीला दोन शब्द सुनवायला हवे होते. इख्लासचं म्हणणं असं, की सुनावलं असतं तर त्या मुलीने वडिलांच्या तब्येतीबद्दल मला अर्धंच सांगितलं असतं.

एकदा पाच नंबरच्या खाटेवरचा माणूस अचानक निपचित पडला. इख्लास त्याच्या छातीवर दाब देत होती, तोंडाने सूचना देत होती, नर्सा धावत होत्या. तेवढ्यात दुसऱ्या विभागातला एक डॉक्टर धावत आला आणि तिच्या डोक्यावरून बघत म्हणाला, "इथे डॉक्टर कोण आहे?" तिने दाब न थांबवता सांगितलं, "मी. तुम्ही श्वासाचं बघा." तो माणूस वाचला. त्या डॉक्टरने नंतर तिची माफी मागितली, मनापासून मागितली. ती ठीक आहे म्हणाली. पण त्या दुपारी ती चहाचा कप हातात धरून माझ्या टेबलाशी बराच वेळ नुसती उभी होती, आणि चहा तसाच राहिला.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या स्वतःच्या हाताबद्दल आहे.

आमच्याकडे डॉक्टर बदलून मागायचा एक फॉर्म असतो. पेशंट किंवा नातेवाईक माझ्याकडे येतात, मी फॉर्म भरते, त्यांची सही घेते आणि तो हॅपिनेस सेंटरकडे पाठवते. इथे तक्रार विभागाला हॅपिनेस सेंटर म्हणतात. फॉर्ममध्ये 'कारण' असा एक रकाना आहे. इख्लासबद्दल लोक येऊन काय सांगायचे? एकाने सांगितलं, आफ्रिकन डॉक्टर नको. एकजण म्हणाला, एवढे पैसे भरतोय तर गोरा डॉक्टर द्या. एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सिस्टर, उस का हाथ लगता है तो अच्छा नहीं लगता." त्यात सगळ्या देशांचे लोक होते, पण आपले लोक कमी नव्हते, हेही सांगायला हवं. असलं काही हॉस्पिटलच्या कागदावर कसं लिहायचं? मला लाज वाटायची. म्हणून मी त्या रकान्यात दरवेळी एकच लिहायचे: कम्युनिकेशन इश्यू. म्हणजे संवादात अडचण. मला वाटायचं, मी सगळ्यांची अब्रू झाकतेय, तिचीसुद्धा.

रेसिडेंटचं दर सहा महिन्यांनी मूल्यमापन होतं. ते करायच्या डॉ. हेलन, आमच्या वॉर्डच्या मुख्य डॉक्टर आणि रेसिडेन्सीच्या प्रमुखही. उंच, पिकल्या केसांच्या, कामाला अतिशय चोख बाई. मोठा आवाज करताना त्यांना कुणी पाहिलं नाही. पहिल्या मूल्यमापनात त्यांनी लिहिलं की इख्लास फार शांत आहे, पुढे येऊन बोलत नाही, आत्मविश्वास दिसत नाही. इख्लासने ते मनावर घेतलं आणि राउंडला बोलायला लागली. पुढच्या वेळी लिहून आलं की सूर चढा आहे, सहकाऱ्यांवर दडपण येतं. तो कागद तिने माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ताई, मधला आवाज कुठे मिळतो?"

मग सुदानात लढाई सुरू झाली. तिची आजी आणि दोन मावश्या ओमदुरमानला होत्या. दिवसचे दिवस फोन लागायचा नाही. ती राउंड संपला की माझ्या टेबलामागच्या खिडकीपाशी उभी राहून नंबर फिरवायची, पलीकडून काही आलं नाही की फोन खिशात टाकायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. एकही ड्यूटी तिने बदलून मागितली नाही. एकोणीस दिवसांनी मावशीचा आवाज आला. आजी त्याआधीच गेली होती, औषध संपून. साधं रक्तदाबाचं औषध. ती मला हे सांगताना रडली नाही. आजीला कुठल्या गोळ्या होत्या, किती मिलिग्रॅमच्या, ते मात्र तिने मला सगळं सांगितलं.

त्या सहामाहीच्या मूल्यमापनात एक वाक्य होतं: अलीकडे हसतमुख नसते. आणि त्याला जोडलेले पाच फॉर्म होते. पाचही फॉर्मवर तेच कारण. दोन वर्षांत एवढ्या तक्रारी दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या. म्हणून तिची उमेदवारी सहा महिन्यांनी वाढवली आणि लिहून दिलं की पुढच्या सहामाहीत संवादात सुधारणा दिसली नाही तर तिला काढावं लागेल. काढलं की व्हिसा रद्द. आणि परत जायचं तर कुठे, हा प्रश्न तिच्या बाबतीत बोलण्यापुरता नव्हता.

ती ते कागद घेऊन माझ्याकडे आली. दुपारचे अडीच वाजले असतील, वॉर्ड शांत होता. तिने पाच फॉर्म माझ्यासमोर ओळीने मांडले आणि विचारलं, "हे अक्षर तुमचं ना?"

मी हो म्हणाले.

"हा पहिला. हा माणूस काय बोलला होता?"

मला सांगवेना. ती थांबली. पेशंट लाजला तर ती अशीच थांबायची, घाई न करता. शेवटी मी सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि दुसऱ्या फॉर्मवर बोट ठेवलं. असे पाचही. एखाद्याच्या पोटदुखीची हकिगत ऐकावी तसं तिने ते ऐकून घेतलं. मग मीच रडायला लागले. म्हटलं, मला वाटलं, वाईट शब्द कागदावर नकोत.

"ताई," ती म्हणाली, "आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. पेशंट जे बोलला तेच लिहायचं, त्याच्याच शब्दांत. आपल्या मनाचं घालायचं नाही. त्याला चमक मारते तर चमक मारते असं लिहायचं. आपण पोटदुखी लिहिलं तर पुढचा डॉक्टर चुकीचं औषध देतो."

बस, एवढंच. मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मी घरी जाऊन हे सांगितलं. माझ्या नवऱ्याचा लहानसा केटरिंगचा धंदा आहे, माणूस व्यवहारी. तो म्हणाला, तू यात पडू नकोस, आपण इथे दुसऱ्याच्या घरात राहतो. बारावीतली मुलगी मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "आई, यू लाइड ऑन अ फॉर्म." मी उठून भांडी घासायला घेतली. पण दुसऱ्या दिवसापासून मी त्या रकान्यात माणूस बोलेल ते जसंच्या तसं लिहायला लागले, अवतरणचिन्हांत. लिहून झालं की फॉर्म त्यांच्याकडे फिरवायचे आणि म्हणायचे, वाचून सही करा.

पहिल्या माणसाने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही न करता निघून गेला. दुसरा म्हणाला की तुम्ही आपलं साधं काही तरी लिहा. मी सांगितलं की तुम्ही जे बोललात तेच लिहिता येतं. तोही गेला. लोकांना बोलायला काही वाटत नव्हतं. सही करायला वाटत होतं.

अशातच आमच्याकडे कोल्हापूरकडच्या एक आजी आल्या. मुलगा प्रसाद जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. आजी दोन महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आणि आल्यापासून पोटात कळा. जेवण नाही, रक्त कमी झालेलं, चेहरा राखेसारखा. सगळे फोटो काढून झाले होते, काही सापडत नव्हतं. डॉ. हेलन आणि सर्जन यांचं ठरत आलं होतं की आता पोट उघडूनच बघावं. पंचाहत्तरीच्या बाईला ते सोपं नव्हतं. आणि त्या खाटेची रेसिडेंट होती इख्लास.

दुसऱ्याच दिवशी प्रसाद माझ्याकडे आला. माझ्या नावाची पाटी वाचून मराठीतच सुरू झाला. म्हणाला, "ताई, आपलंच माणूस भेटलं बरं झालं. आईला ती काळी डॉक्टर नकोय. आपल्यातली कुणी नाहीतर एखादी गोरी बघा ना." मी फॉर्म काढला. तो बोलला ते इंग्रजीत लिहिलं, अवतरणचिन्हांत, आणि कागद त्याच्यापुढे फिरवला. त्याने वाचलं. पेन उचललं. त्याच्या खिशाला कंपनीचं ओळखपत्र होतं, त्यावर त्याचा हसरा फोटो. थोडा वेळ पेन हातात धरून तो म्हणाला, "हे असं लिहायची काय गरज आहे?" मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्याने पेन खाली ठेवलं, "राहू दे," म्हणाला आणि आत गेला. मला घरी कुत्सित बोलणारे पाहुणे गेले की वाटतं तसं वाटलं.

त्याच सकाळी राउंडला काय झालं ते मला लिजीने सांगितलं, आणि मराठीत काय बोलणं झालं ते नंतर आजींनी. इख्लास आजींचं पोट तपासत होती. आजी मुलाला म्हणाल्या, "ह्या काळीला त्या पुड्यांचं काही सांगू नको. उगं आरडाओरडा करंल." प्रसादने मान हलवली. इख्लासच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिने पांघरूण नीट केलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

दुपारी प्रसाद ऑफिसला गेल्यावर ती एकटी परत आली. मी त्या वेळी एक कागद द्यायला खोलीत गेले होते, म्हणून हे मी ऐकलं. ती खुर्ची ओढून बसली, आजींचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आजी, पुड्या कसल्या घेताय? सांधं दुखत्यात का?"

आजींनी पदर तोंडावर ओढून घेतला.  मग पदराच्या आडून म्हणाल्या, "तुला समजत होतं व्हय गं सगळं?"

"होय. किती दिवस झालं घेताय?"

"वरीस झालं. एका वैद्यानं दिल्यात. गुडघ्याला."

"सकाळ-संध्याकाळ? की एकदाच?"

त्यांनी उशीखालून कापडी पिशवी काढली. आत कागदाच्या पुड्या होत्या, राखाडी रंगाच्या भुकटीच्या. इख्लासने त्या बाटलीत घालून तपासायला पाठवल्या आणि आजींचं रक्तही. ऑपरेशन दोन दिवस पुढे ढकलायला ती स्वतः डॉ. हेलनकडे गेली. सर्जन नाराज झाले. पण डॉ. हेलननी विचारलं की खात्री आहे का, आणि इख्लास म्हणाली की खात्री नाही, शंका आहे, पण पोट उघडल्यावर ती विचारता येणार नाही. दोन दिवस मिळाले. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. पुड्यांत शिसं होतं आणि ते आजींच्या रक्तात उतरलं होतं. कळा त्यानेच होत होत्या. पोट उघडलं असतं तर काहीच सापडलं नसतं आणि आजींना भूल सोसली नसती असं सर्जनच नंतर म्हणाले.

औषध लागू पडलं. पंधरा दिवसांत आजी चालायला लागल्या. घरी जायच्या दिवशी प्रसादने मिठाईचा मोठा डबा आणला आणि डॉ. हेलनना दिला. इख्लासला त्याने "थँक यू, डॉक्टर" म्हटलं, नजर तिच्या कोटाच्या बटणावर ठेवून. आजींनी मात्र तिला जवळ बोलावलं. लग्न झालंय का विचारलं, आई कुठे असते विचारलं. मग तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "पोरी, उन्हात लई हिंडू नगंस. आणखी काळी होशील." इख्लास इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मी तिला तेवढं हसताना त्यानंतर कधी पाहिलं नाही.

ही केस हॉस्पिटलच्या मोठ्या बैठकीत मांडली गेली, पण ती दुसऱ्याच एका रेसिडेंटने मांडली. चांगला, चुणचुणीत मुलगा होता. पडद्यावर 'आमच्या टीमला शंका आली' असं लिहिलं होतं. लिजी म्हणाली, सगळं बोलून झाल्यावर कुणीतरी विचारलं की घरच्यांनी लपवलेली गोष्ट कळली कशी. त्या मुलाला सांगता येईना. तेव्हा डॉ. हेलन मागे वळल्या, शेवटच्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाल्या की हे डॉ. इख्लासना विचारा. ती उभी राहिली. आजी काय म्हणाल्या होत्या ते तिने इंग्रजीत शब्दशः सांगितलं, 'ह्या काळीला' हेसुद्धा, आणि मग पुड्यांचं. 

दुसऱ्या दिवशी डॉ. हेलन माझ्या टेबलाशी आल्या. त्यांना जुने पाच फॉर्म हवे होते. शेजारी सही न झालेले नवे फॉर्म पडले होते, ते वाचून त्यांनी विचारलं की तू यांच्यावर वेगळं का लिहितेस. मी सांगितलं. त्या पाच जणांनी काय म्हटलं होतं तेही सांगितलं, आणि त्याचं 'कम्युनिकेशन इश्यू' मी केलं हेही. त्यांनी पाचही फॉर्म एकेक करून पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, हे मला लेखी देशील का. मी दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत माझ्या डोळ्यांपुढे माझा व्हिसा होता, मुलीचं बारावीचं वर्ष होतं. नवरा एकदाच म्हणाला, बघ बाई. तिसऱ्या दिवशी मी दीड पान लिहून दिलं.

पाचही फॉर्म तिच्या फाइलीतून निघाले. वाढवलेले सहा महिने मात्र तसेच राहिले, ते आता नियमात मागे घेता येत नव्हते म्हणे. डॉ. हेलन तिच्याशी खोली बंद करून तासभर बोलल्या. काय बोलल्या ते इख्लासने सांगितलं नाही, फक्त इतकंच की त्या आधी ऐकायला शिकल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्या स्वतः म्हणाल्या. बरोबरीच्या रेसिडेंटनंतर सहा महिन्यांनी इख्लासची उमेदवारी संपली. तज्ज्ञाच्या परीक्षेत ती पहिल्या खेपेला पास झाली. आमच्याकडे कायमची नोकरी मागितली तेव्हा जागा नाही असं कळवलं. त्याच महिन्यात दोन नवे डॉक्टर रुजू झाले. मी तिच्या वतीने चिडले. ती आपला कोट घडी घालून पिशवीत ठेवत म्हणाली, "ताई, खलास म्हणा." आणि सगळ्या नर्सांना मिठी मारून गेली.

पुढे कळलं की ती जबल अलीला एका दवाखान्यात आहे. तिथे गोदामांत आणि बंदरात काम करणारे, कामगारांच्या कॅम्पमध्ये राहणारे लोक येतात. मधे दीड वर्ष गेलं. नवऱ्याच्या केटरिंगच्या किचनमधल्या एका आचाऱ्याच्या हातावर तेल उडालं. त्याचं विम्याचं कार्ड त्याच दवाखान्याचं होतं, म्हणून मी त्याला सकाळी गाडीतून घेऊन गेले. बाहेर कंपन्यांच्या बसा उभ्या, आत खुर्च्यांवर निळे आणि नारिंगी कामाचे कपडे घातलेली माणसं. आमचा नंबर बराच मागे होता.

तपासणीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. टेबलाशी एक अगदी तरुण मुलगी बसली होती, नायजेरियाची असावी, कोटाची सगळी बटणं लावलेली, हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट. इख्लास मागे भिंतीपाशी उभी होती, कोट नव्हता, साधा निळा झगा. समोरचा माणूस सोलापूरचा की बिहारचा कोण जाणे, पोटावर हात धरून त्या मुलीच्या डोक्यावरून इख्लासकडे बघत आपलं दुखणं सांगत होता. इख्लास त्याला मधेच थांबवून हिंदीत म्हणाली, "डॉक्टर ये हैं. इनको बताओ."

तो थबकला. इख्लास तशीच उभी राहिली, घाई न करता. मग त्या माणसाने खुर्ची थोडी वळवली, मुलीकडे बघितलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मुलीने टेबलाखालचे हात वर घेतले आणि पेन उचललं. तेवढ्यात आतून कुणीतरी दार लावलं.